धाकटा शब्द कोणाच्या घरचा?

इंग्रजीत 'पुट' म्हणजे ठेवणे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझविणे, 'पुट अप' म्हणजे कोणाकडे मुक्कामास उतरणे किंवा कोणास उतरवून घेणे, आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सोसणे. ह्यांतला शेवटचा अर्थ मराठी विद्यार्थ्यास निराळा शिकवावा लागत नाही. पहिले तीन पाठ करता करता तो आपोआप अनुभवास येतो. गेल्या दोनशे वर्षांत आपल्या लोकांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिले, वकिली केली, वर्तमानपत्रे चालविली. पण क्रियापदामागे लटकणाऱ्या ह्या चिमुकल्या शब्दांनी भल्याभल्यांची गाळण उडविली आहे. त्या शब्दांची कुळकथा आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे. विषय व्याकरणाचा खरा. परंतु आम्ही तो इतिहास म्हणून मांडणार आहोत, आणि त्या इतिहासाची काही पाने आपल्या वसई तालुक्यातच सापडतात.

प्रथम नियम सांगून टाकू, म्हणजे पुढची वाट मोकळी होईल. सभा पुढे ढकलायची असेल तर इंग्रजीत 'पुट ऑफ द मीटिंग' म्हणावे किंवा 'पुट द मीटिंग ऑफ' म्हणावे, दोन्ही शुद्ध. पण सभेचे नाव न घेता नुसते 'ती' म्हणायचे असेल तर 'पुट इट ऑफ' हा एकच प्रयोग चालतो. 'पुट ऑफ इट' लिहिले की वहीत तांबडी रेघ आलीच. ह्याच्या उलट 'लुक आफ्टर', म्हणजे सांभाळ करणे. येथे 'लुक आफ्टर हिम' हेच शुद्ध, आणि 'लुक हिम आफ्टर' हे अशुद्ध. पहिल्या जातीच्या जोड्यांना शालेय पुस्तके 'सुटणाऱ्या' म्हणतात, दुसऱ्या जातीच्या जोड्यांना 'न सुटणाऱ्या'. मग दोन याद्या देतात आणि पाठ करा म्हणून सांगतात. यादी पाठ करणाऱ्यास यादी मिळते. कारण मिळत नाही.

ते कारण शोधण्यासाठी आपण कामणच्या रस्त्याने जाऊ. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने आलेली गाडी चिंचोटी फाट्यास महामार्ग सोडते आणि कामणवरून भिवंडीकडे जाते. असे महामार्ग सोडून वळण्यास इंग्रजीत 'टर्न ऑफ द हायवे' म्हणतात. कामणला घरी पोचल्यावर रात्री तोच गाडीवाला दिवा मालवतो. त्यालाही 'टर्न ऑफ द लॅम्प' असेच म्हणतात. शब्द तेच, क्रमही तोच. आता दोन्ही ठिकाणी नाम काढून त्याच्या जागी सर्वनाम घालून पाहा. दिव्याचे 'टर्न इट ऑफ' होते. महामार्गाचे मात्र 'टर्न ऑफ इट' होते. तेथे 'टर्न इट ऑफ' म्हटले तर अख्खा महामार्ग मालविल्यासारखे होईल.

ह्याचा उलगडा असा. दिव्याच्या वाक्यातला 'ऑफ' हा क्रियापदाच्या घरचा आहे. 'टर्न' आणि 'ऑफ' मिळून मालविणे ही एक क्रिया झाली, आणि दिवा हे तिचे कर्म. महामार्गाच्या वाक्यातला 'ऑफ' हा नामाच्या घरचा आहे. 'महामार्गावरून' ह्या शब्दात जे काम 'वरून' करतो तेच तो करतो. आपल्या प्राथमिक शाळेतल्या व्याकरणात ह्या दोन घरांना नावे आहेत. पहिले क्रियाविशेषण अव्यय, दुसरे शब्दयोगी अव्यय. 'तो पुढे गेला' ह्यात 'पुढे' क्रियाविशेषण. 'घरापुढे आंबा आहे' ह्यात तोच 'पुढे' शब्दयोगी. मागे, वर, खाली, आत, बाहेर ह्या सर्वांची हीच दुहेरी नोकरी आहे. म्हणजे कामणचा चौथी-पाचवीतला मुलगा जे मराठीच्या तासाला शिकलेला असतो, तेच इंग्रजीच्या तासाला त्याच्यापुढे कोडे म्हणून येते, आणि दोन तासांमधली भिंत कोणी पाडीत नाही.

आमचे तर असे मत आहे की 'सुटणारी' आणि 'न सुटणारी' ही नावेच उलटी पडली आहेत. 'लुक अ‍ॅट' ही जोडी न सुटणाऱ्यांच्या यादीत असते. पण 'लुक क्लोजली अ‍ॅट इट', म्हणजे नीट निरखून पाहा, असे इंग्रज रोज म्हणतो. 'लुक' आणि 'अ‍ॅट' ह्यांच्यामध्ये खुशाल एक शब्द शिरला. 'अ‍ॅट' सुटला तो क्रियापदापासून; नामापासून, म्हणजे 'इट' पासून, तो सुटला नाही आणि सुटणारही नाही. उलट सुटणारी म्हणविणारी 'पुट ऑफ' ही जोडी घ्या. 'पुट क्विकली ऑफ द मीटिंग' असे कोणी म्हणत नाही. तिच्यामध्ये फक्त तिचे कर्म शिरू शकते, परका शब्द नाही. तेव्हा प्रश्न सुटण्याचा नसून मालकीचा आहे. 'पुट अप विथ' ह्या त्रिकुटातही 'अप' क्रियापदाचा आणि 'विथ' नामाचा, असे वाटप केले की गाठ सुटते. आवाजाची खूणही ह्याच वाटपाची साक्ष देते: 'पुट इट ऑफ' म्हणताना इंग्रज 'ऑफ' वर जोर देतो, 'लुक अ‍ॅट इट' म्हणताना 'अ‍ॅट' जेमतेम ऐकू येतो.

आता इतिहासाकडे वळू. आमच्या आधीच्या पिढ्यांना इंग्रजी आले, पण हे इंग्रजी का आले नाही?

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस इंग्रजांशी तह केला. पेशवाईच्या ऱ्हासातले त्याचे स्थान आपणांस ठाऊक आहे. आम्हांस आज त्याच्या भाषेपुरतेच बोलायचे आहे. असल्या तहांची, कायद्यांची आणि हुकुमांची इंग्रजी भाषा ही बहुतांशी लॅटिन आणि फ्रेंच कुळातल्या शब्दांनी भरलेली असते. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हापासून दरबार, न्यायालय आणि चर्च ह्यांची भाषा फ्रेंच व लॅटिन झाली, आणि मूळची इंग्रजी स्वयंपाकघरात, शेतावर व गोठ्यात राहिली. म्हणून आजही इंग्रजीत एकेका क्रियेला दोन पोशाख आहेत. कचेरीत 'पोस्टपोन', घरी 'पुट ऑफ'. कचेरीत 'सरेंडर', घरी 'गिव्ह अप'. कचेरीत 'टॉलरेट', घरी 'पुट अप विथ'. आपल्याकडे फारसीने हेच केले. कचेरीत सभा 'तहकूब' होते, घरी लग्न 'पुढे ढकलतात'. 'तहकूब' शिकलेला परदेशी मनुष्य 'पुढे ढकलणे' ऐकून जसा गोंधळेल, तसे आपले झाले.

कारण आपल्याला इंग्रजी भेटली ती कचेरीच्या पोशाखात. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. त्यात एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी मजकूर असे. ते इंग्रजी विद्वानाचे होते, आणि तसेच ते असायला हवे होते. पुढे १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि आपली मुले मिल्टन, बेकन, बर्क वाचू लागली. बर्कच्या तोडीची लांब वाक्ये लिहिणारे पदवीधर निघाले. पण साहेबाच्या मुलाने बागेत आईला काय म्हटले, हे त्यांतल्या पुष्कळांना कळले नसावे. दोष त्यांचा नव्हे. ज्या दाराने ते घरात शिरले ते दिवाणखान्याचे होते. माजघर त्यांना कोणी दाखविलेच नाही.

येथे वसई तालुक्याचे दुसरे पान येते. कामणहून पश्चिमेस, वसईच्या बाजूला तर्खड नावाचे गाव आहे. तर्खडकर हे आडनाव त्याच गावावरून आले. दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले आणि पुढे लोक त्यांस मराठीचे पाणिनी म्हणू लागले. मराठीच्या ह्या व्याकरणाची चौकट त्यांनी पुष्कळशी इंग्रजी व्याकरणावरून घेतली. पुढे ह्याच आडनावाच्या दुसऱ्या ग्रंथकाराची 'भाषांतर पाठमाला' निघाली आणि तिने कित्येक पिढ्यांना मराठीतून इंग्रजी शिकविली. थोडे नियम, थोडे शब्द, आणि मग इकडची वाक्ये तिकडे व तिकडची इकडे करावयाची, अशी तिची रीत. एका खेड्याचे नाव मराठीच्या व्याकरणावरही आणि मराठी माणसाच्या इंग्रजीवरही कोरले गेले, ही मौज आम्हांस फार वाटते. पाठमालेची रीत भाषांतराची असल्याने एका शब्दास एक शब्द हा हिशेब विद्यार्थ्याच्या अंगी मुरला. हा हिशेब 'पोस्टपोन' ला चालतो. 'पुट ऑफ' ला तो चालत नाही, कारण तेथे शब्द दोन आणि अर्थ एक.

इंग्रजांना तरी ही जोडकी क्रियापदे कोठून मिळाली? जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार वर्षांपूर्वी, क्रियापदास पुढून चिकटणारे उपसर्ग पुष्कळ होते. 'फरगिव्ह', 'फरगेट', 'विथस्टँड', 'अंडरस्टँड' ही त्यांचीच शिल्लक. त्यांखेरीज 'अप', 'आउट' असे सुटे शब्दही होते. ते क्रियापदाच्या कधी आधी येत, कधी नंतर. पुढे इंग्रजी वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येण्याची रीत पक्की झाली आणि हे सुटे शब्द मागच्या बाजूस स्थिरावले. चिकटणारे उपसर्ग हळूहळू निर्जीव झाले; त्यांचे काम मागच्या सुट्या शब्दांनी उचलले. ह्याच सुमारास उत्तरेकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांची नॉर्स भाषा इंग्लंडात मिसळली होती. 'टेक' आणि 'गेट' हे शब्द त्या नॉर्स लोकांचे, आणि 'गिव्ह' चा आजचा उच्चारही त्यांच्याच वळणाचा. 'टेक ऑफ', 'गेट अप', 'गिव्ह अप' ह्या आजच्या बलदंड जोड्यांचे पहिले पाय अशा रीतीने जहाजातून उतरले. पीटरबरो येथील मठात ११५४ पर्यंत लिहिली गेलेली बखर आहे. तिच्या अखेरच्या भागात 'गिव्ह अप' सारखे प्रयोग दिसू लागतात.

जुने आणि नवे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे गंमत कळते. 'अपहोल्ड' म्हणजे उचलून धरणे, न्यायालय निकाल उचलून धरते तसे. 'होल्ड अप' म्हणजे वाटेत अडविणे, लुटणेसुद्धा. 'ओव्हरटेक' म्हणजे मागे टाकणे. 'टेक ओव्हर' म्हणजे ताबा घेणे. 'अपसेट' म्हणजे उलथविणे. 'सेट अप' म्हणजे उभारणे. धाकटा शब्द पुढे बसला तर एक, मागे बसला तर दुसरे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेत त्याने ह्या जोड्यांचा मुद्दाम उल्लेख केला. परकीयांना सर्वांत अधिक त्रास ह्यांचाच होतो, हे त्याने ओळखले होते. मात्र त्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मिळायला १९२५ साल उजाडले. लोगन पिअरसॉल स्मिथ ह्याने ते आपल्या पुस्तकात वापरले आणि त्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली ह्यांस दिले. इतकी जुनी वस्तू, आणि बारसे इतके उशिरा!

इंग्रजीची चुलत बहीण जर्मन. तिने दोन्ही तऱ्हा जपून ठेवल्या आहेत. तिच्यात 'उबरझेट्सेन' असे एक क्रियापद आहे. 'उबर' म्हणजे पलीकडे. हे 'उबर' सुटे ठेवून, त्यावर जोर देऊन बोलले तर अर्थ होतो नावेने पैलतीरी नेणे; घट्ट जोडून बोलले तर अर्थ होतो भाषांतर करणे. तर्खडच्या आडनावाला भाषांतराची पाठमाला चिकटली, आणि खाडी तर वसईच्या उशाशीच आहे. जर्मन भाषेस आमच्याबद्दल इतके कोणी सांगितले कोण जाणे! आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुटणारे जर्मन क्रियापद मुख्य वाक्यात सुटते, पण 'जेव्हा', 'कारण' अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यात पुन्हा जोडले जाते. हे आम्हांस लगेच लागणार आहे.

कारण आता आपण आपल्याच घरी येतो. संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास उपसर्ग माहीत असतात: हृ ह्या एका धातूपासून आहार, विहार, उपहार, परिहार. उपसर्ग धातूस असा चिकटतो की ओढून निघत नाही, असे आपण समजतो. परंतु ऋग्वेदात तसे नाही. तेथे उपसर्ग सुटा असतो. चरणाच्या आरंभी उपसर्ग येतो, मध्ये देवतेचे नाव येते, कर्म येते, आणि मग क्रियापद भेटते. 'पुट इट ऑफ' चाच नमुना, फक्त उलट्या दिशेने. आणि सामान्यतः मुख्य वाक्यात उपसर्ग सुटा व स्वरयुक्त असतो, तर 'यत्', 'यदा' अशा शब्दांच्या गौण वाक्यात स्वर क्रियापदाकडे जातो आणि उपसर्ग त्यास जोडला जातो. जर्मनचा नियम आठवावा. हजारो कोसांचे आणि हजारो वर्षांचे अंतर असलेल्या दोन भाषा एका वळणावर भेटतात तेव्हा कुळाचे रक्त बोलते की मानवी वाणीचा स्वभाव, ह्यावर विद्वानांनी वाद घालावा. आम्ही भेट तेवढी दाखवितो.

पाणिनीने ही गोष्ट टिपली आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात, ऐंशीव्या सूत्रात तो सांगतो की उपसर्ग धातूच्या आधी येतात. पुढच्या दोन सूत्रांत वेदापुरती सूट देतो: तेथे ते नंतरही येतात, आणि मध्ये दुसरे शब्दही येऊ शकतात. आणि त्यानंतर लागलीच, त्र्याऐंशीव्या सूत्रापासून, तो 'कर्मप्रवचनीय' नावाचे प्रकरण उघडतो. कर्मप्रवचनीय म्हणजे अनु, प्रति, अभि असे तेच शब्द, पण जेव्हा ते क्रियापदाच्या घरी नसून नामाच्या घरी असतात तेव्हा. झाडाच्या रोखाने वीज चमकते, ह्या वाक्यातला 'प्रति' चमकण्याचा नव्हे, झाडाचा. घर बदलले की कायदाही बदलतो. 'अभि' उपसर्ग म्हणून सिच् धातूस लागला की त्यातल्या 'स' चा 'ष' होतो, म्हणून आपण 'अभिषेक' म्हणतो. कर्मप्रवचनीय मात्र शेजारच्या क्रियापदाच्या अक्षरास धक्का लावीत नाही. चिंचोटी फाट्यावर आम्ही जो भेद दिवा आणि महामार्ग घेऊन सांगितला, तो पाणिनीने अडीच हजार वर्षांच्या सुमारास सूत्रबद्ध केला होता. आपल्या शाळांत संस्कृत, मराठी आणि इंग्रजी ह्या तिन्ही भाषा शिकविल्या जातात आणि तिन्हींत हा भेद तीन वेगळ्या नावांनी तीनदा शिकविला जातो, ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटते, आणि थोडा खेदही.

पाणिनीच्याही आधीचा एक वाद यास्काच्या निरुक्तात नोंदलेला आहे. शाकटायन म्हणे, उपसर्गास स्वतःचा अर्थ नाही. नाम किंवा क्रियापद ह्यांच्याशी जोडला गेला तरच तो त्यांचा अर्थ उजळतो. गार्ग्य म्हणे, तसे नाही. प्रत्येक उपसर्गास आपापले निरनिराळे अर्थ आहेत. 'गिव्ह अप' मधल्या 'अप' ला वर असा काही अर्थ आहे काय, ह्यावर इंग्रजीचे आजचे अभ्यासक भांडतात तेव्हा ते नकळत ह्या दोघांपैकी एकाच्या पंगतीस बसतात. हा वाद आपण बाजूस ठेवू. त्याचे काम पुढे पडेल.

वेदात सुटा असलेला उपसर्ग संस्कृतात बांधला गेला, आणि प्राकृतात तर गिळला गेला. ह्याचाही धागा वसई तालुक्याशी जुळतो. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी ह्यांना सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, अशोक बोधिवृक्षाकडे निघाला, असा त्या लेखाचा आशय. ह्याच लेखाची काल्सी येथील प्रत पाहिली तर 'निघाला' ह्या अर्थी 'निखमिथा' असे रूप आढळते. मुळातला निस् हा उपसर्ग आणि क्रम् हा धातू ह्यांचा सांधा त्यात बोटाने दाखविणे कठीण. मराठीपर्यंत येता येता तर सांधा पुरता बुजला. आपण 'बसणे' म्हणतो. त्यात 'उप' आहे, मूळ 'उपविश्'. 'उठणे' ह्यात 'उद्' आहे. 'आणणे' ह्यात 'आ', 'विकणे' ह्यात 'वि', 'नेसणे' ह्यात 'नि', 'ओळखणे' ह्यात पुन्हा 'उप'. वसईच्या बाजारात वाडीतली केळी आणणारी आणि विकणारी बाई उठता-बसता चार संस्कृत उपसर्ग खर्च करते आणि तिच्या गावीही ते नसते.

परंतु गिळलेल्या वस्तूचा उपयोग नव्याने होत नाही. दिशा, जोर, शेवट दाखविण्याची गरज भाषेला असतेच. इंग्रजीचे उपसर्ग मेले तेव्हा तिने मागे सुटे शब्द लावले. मराठीचे उपसर्ग बुजले तेव्हा तिने दोन युक्त्या काढल्या.

पहिली युक्ती म्हणजे पुढे सुटा शब्द लावणे. पुढे ढकलणे, मागे घेणे, बाहेर पडणे, पार पाडणे, मागे लागणे. ही मराठीची खरीखुरी सुटणारी क्रियापदे. 'तारीख पुढे कोणी ढकलली?' ह्यात 'पुढे' आणि 'ढकलली' ह्यांच्यामध्ये कर्ता बसला. 'खटला मागे काही त्याने घेतला नाही' ह्यात तर दोन शब्द शिरले आणि अर्थ तसूभर हलला नाही. आणि 'सभा पार पडली' हे वाक्य परक्या माणसाने ऐकावे! त्याला वाटेल सभा कोसळली.

दुसरी युक्ती अधिक मराठमोळी. क्रियापदामागे दुसरे क्रियापद उभे करायचे आणि त्याचा मूळ अर्थ काढून घ्यायचा. 'सांगून टाकले' ह्यात टाकलेले काही नाही. 'हसू लागला' ह्यात लागलेले काही नाही. ह्यांस संयुक्त क्रियापदे म्हणतात. कोणत्या जोडीस संयुक्त म्हणावे आणि कोणत्या जोडीस म्हणू नये, ह्यावर आपल्या व्याकरणकारांत बराच खल झालेला आहे. मोरो केशव दामल्यांचा १९११ सालचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ ज्यांनी उघडला असेल त्यांस त्या खलाची चव ठाऊक असेल. आम्ही आपली एक घरगुती कसोटी सुचवितो, आणि ती सुटण्याचीच आहे. 'पाहुणा जेवून गेला' आणि 'पूल वाहून गेला' ही दोन वाक्ये घ्या. पहिल्याचे 'पाहुणा जेवून दुपारच्या गाडीने गेला' असे करता येते. दुसऱ्याचे 'पूल वाहून दुपारच्या गाडीने गेला' असे करून पाहावे! पहिल्यात दोन क्रिया आहेत, म्हणून मध्ये वाटेल ते मावते. दुसऱ्यात एकच क्रिया आहे, म्हणून मध्ये फार तर 'च', 'ही', 'तर' असे इवलेसे शब्द शिरतात: 'वाहूनच गेला', 'वाहून तर गेला'. इंग्रजीचा भेद कर्माच्या जागेवरून कळतो, मराठीचा मध्ये काय मावते त्यावरून.

ही मराठी क्रियापदे पाहिली की परकीयांची दया येते. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, पत्ता लागतो, मुलगा नादी लागतो, आणि बस लागली म्हणजे एक तर ती स्थानकात उभी आहे किंवा ती प्रवाशाच्या पोटात उभी आहे. १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश पुरा करणाऱ्या मोल्सवर्थ साहेबाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना एकट्या 'लागणे' ने काय शिणविले असेल ह्याची कल्पनाच करावी. 'पुट' वरून आपली जी फजिती झाली तिची फेड ह्या एका शब्दात व्याजासकट झालेली आहे.

राहता राहिला आजचा व्यवहार. कामणच्या रस्त्याला आता कारखाने आणि गोदामे झाली आहेत. तेथे इंग्रजी जोडक्रियापदे मराठीत रोज उतरतात. कशी उतरतात ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत 'पिक हिम अप' असे कर्म मध्ये बसते. मराठीत 'त्याला पिकअप केले'. सुटणारी जोडी आपल्या उंबऱ्यातून आत आली की न सुटणारी होते. 'ब्रेकअप झाले', 'सेटअप लावला', 'फेडअप झालो' ह्या सर्वांची तीच गत. जिला आम्ही गाठ म्हणून पाठ केले तिला आम्ही गाठ म्हणूनच वापरतो. 'पुट ऑफ इट' लिहिणाऱ्या मुलाची चूक ह्याच सवयीतून येते. ती अडाणीपणाची नव्हे. तो दोन शब्दांचा एक शब्द मानतो, आणि मराठीत आल्यावर ते दोन शब्द खरोखरच एक होतात.

दुसरा प्रकार ह्याहून नवलाचा. 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ' ह्यांतले क्रियापद आम्ही टाकून दिले आणि धाकटा शब्द तेवढा ठेवून घेतला. 'दिवा ऑफ कर', 'मोटर ऑन कर', 'फलंदाज आउट झाला'. इंग्रजीने क्रियापदामागे चालविलेल्या पोराला मराठीने घरधनी केले आणि 'करणे' व 'होणे' ही आपली क्रियापदे त्याच्या चाकरीस दिली. दिवा-वसई गाडीने जाणारा मनुष्य कामण रोड स्थानकावर सहज सांगतो, 'मी रोज अप-डाऊन करतो'. अप आणि डाऊन ह्या रेल्वेच्या दोन दिशा. त्यांतून मराठीने जाणे-येणे अशी एक क्रियाच घडविली, जी इंग्रजीत ह्या रूपात नाही.

गार्ग्याने हे वाक्य ऐकले असते तर त्याला आनंद झाला असता. येथे धाकट्या शब्दास स्वतःचा अर्थ आहे, इतका की क्रियापदावाचून त्याचे अडत नाही. मात्र त्याच फलाटावर गाडी उशिरा आली म्हणून कोणी 'फेडअप झालो' म्हणाला आणि त्याला विचारले की बाबा, ह्यातल्या 'अप' चा अर्थ काय, तर त्याला तो सांगता यायचा नाही, आणि लंडनच्या फलाटावरच्या माणसालाही यायचा नाही. ही साक्ष शाकटायनाच्या बाजूची.